काकूंनी परत टाकलेली मूठ

“किरणं मारून केलेला गहू? नको गं बाई, पोरांच्या पोटात किरणं जायची!” असं म्हणत शेजारच्या काकूंनी आज छावणीत गव्हाची मूठ परत पोत्यात टाकली.

मला राहवेना. अहो, गॅमा किरणं दाण्यात साठून राहत नाहीत. बियाण्यावर सोडली की ती पेशीतली गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणारे धागे, तोडतात. काही तुकडे उलटे जोडले जातात. सेंट्रोमिअर, म्हणजे विभाजनात गुणसूत्राला ओढून न्यायला लागणारा भाग, नसलेला तुकडा पेशीविभाजनात मागे पडतो, हरवतो. बार्लीची गुणसूत्रं 14, तिला ही झीज जड जाते. गव्हाची 42, म्हणजे तीन जोडीदार संच; एकाची उणीव बरेचदा दुसरा भरून काढतो.

लाल दाण्याच्या सोनोरा 64 या गव्हाच्या वाणावर अशीच किरणं सोडून, झालेल्या बदलांतून 1967 मध्ये पिवळसर दाण्याचा शरबती सोनोरा हा वाण आला. आपल्याला पोळी तशाच पिवळसर गव्हाची हवी होती ना!

आपल्या इंदूरला गव्हाचं संशोधन केंद्र आहे. मग ही भीती काकूंपर्यंत पोचते आणि माहिती का पोचत नाही?