गुड फ्रायडेनंतरचा शुक्रवार

गोव्यात गुड फ्रायडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सुट्टी असते, संध्याकाळी गावागावातून मृत ख्रिस्ताच्या मूर्तीची मिरवणूक निघते, मागून दुःखी मातेची मूर्ती, आणि गुरुवारच्या संध्याकाळपासून चर्चची घंटा गप्प असते म्हणून तिच्या जागी लाकडी खटखटा वाजवतात, तो कोरडा आवाज एकदा ऐकला की कानातून जात नाही. मग शनिवारी रात्री नवा अग्नी, आलेलुया, रविवारी सान्नां नि शाकुती, पोरांसाठी मार्झिपानची अंडी, आणि सोमवारी ऑफिस. झाला सण. असं बहुतेकांना वाटतं, पण चर्चच्या हिशेबात ईस्टर पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, ५० दिवस चालतो आणि त्यातले पहिले ८ दिवस तर प्रत्येक दिवस मोठ्या सणाच्या मानाचा.

मला त्या आठातल्या शुक्रवारबद्दल लिहायचंय. सुट्टी नाही, मिरवणूक नाही, सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, नेहमीची चार म्हातारी माणसं आणि ड्यूटीवर जायच्या घाईतले दोघं-तिघं. वेदीजवळ पास्काची उंच मेणबत्ती पेटलेली असते. शनिवारी रात्री फादरांनी तिच्यावर क्रूस कोरलेला असतो, वर आल्फा, खाली ओमेगा, म्हणजे ग्रीक लिपीतलं पहिलं नि शेवटचं अक्षर, क्रूसाच्या चार कोपऱ्यांत यंदाच्या सालाचे चार आकडे आणि पाच जखमांसाठी धूपाचे पाच दाणे खोचलेले. जवळ जाऊन बघा कधी. चालू साल त्यावर का कोरतात हे मला त्या मेणबत्तीकडे बघतच कळलं, की जे झालं ते दोन हजार वर्षांपूर्वीचं असलं तरी ते या सालासाठी आहे, ज्या साली आपलं कर्ज आहे, आजारपण आहे, पोरांच्या परीक्षा आहेत.

तर त्या शुक्रवारी दरवर्षी योहानाच्या शुभवर्तमानातल्या २१ व्या अध्यायाची पहिली १४ वचनं वाचतात. पुनरुत्थान होऊन गेलंय, शिष्यांनी प्रभूला डोळ्यांनी बघितलंय, आणि तरी पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. बाकीचे म्हणतात, आम्हीही येतो. सात जण होते. मला हे वाक्य आई गेल्यानंतर समजलं. वसईला दफन झालं, सगळे नातेवाईक पांगले, मी मडगावला परत आले आणि दुसऱ्या दिवशी गॅसचा नंबर लावला, कपडे भिजवले, कामावर गेले. सार्वकालिक जीवनावर माझा विश्वास होता, आजही आहे, पण संध्याकाळी साडेसातला फोन वाजायचा तो आता वाजत नव्हता, आणि विश्वासाचं आणि त्या न वाजणाऱ्या फोनचं काय करायचं ते समजत नव्हतं, मग माणूस काय करतो तर रोजचं काम करतो. पेत्राने तेच केलं.

रात्रभर एक मासा नाही. पहाटे किनाऱ्यावर कुणीतरी उभा, ओळखू येत नाही, तो विचारतो, मुलांनो, काही खायला आहे का? मग उजवीकडे जाळं टाका म्हणतो आणि जाळं ओढता ओढवेना. कोलव्याला, बाणावलीला ज्याने पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघितलीय त्याला हे वेगळं समजवायला नको, दोन बाजूंनी दोर धरून माणसं वाळूत टाचा रोवून मागे मागे सरकतात आणि एवढं करून कधी कधी हाती मूठभर तारले. १९७० च्या दशकात ट्रॉलरविरुद्ध इथले रापणकार रस्त्यावर उतरले ते याच रिकाम्या जाळ्यासाठी. शुभवर्तमानात मासे १५३ असं नेमकं लिहिलंय. संत ऑगस्टीनने त्याचा हिशेब मांडला की १ ते १७ ची बेरीज १५३ होते आणि त्यातून गूढ अर्थ काढला, मोठा माणूस, पण मला वाटतं त्यांनी ते मोजले कारण ते कोळी होते आणि वाटे करायचे तर मासे मोजावेच लागतात.

आणि किनाऱ्यावर निखारे आहेत, त्यावर मासळी, बाजूला भाकरी. मरणावर विजय मिळवलेला प्रभू काय म्हणतो तर, या, न्याहारी करा. मी इथे दरवर्षी थांबते. त्याने आधी पोटाला घातलं, बोलणं नंतर. तेही काय बोलणं, ज्या पेत्राने महायाजकाच्या अंगणात असाच कोळशाचा विस्तव शेकत तीनदा म्हटलं होतं की मी याला ओळखत नाही, त्याला आता विस्तवापाशीच तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? त्या रात्रीचा एक शब्द काढला नाही, टोमणा नाही, उलट प्रत्येक उत्तरामागे काम दिलं, माझी मेंढरं सांभाळ.

मला विचाराल तर आजच्या ख्रिस्ती माणसाला ईस्टरमधून हे पाहिजे. थडगं रिकामं होतं हे आम्ही मानतोच, पौल करिंथकरांना स्पष्टच लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ. पण ज्याच्या हातून चूक झालीय, जो कन्फेशनला जायला वर्षानुवर्षं लाजतोय, ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्याच्यासाठी उठलेला प्रभू भल्या सकाळी न्याहारी तयार ठेवून वाट बघतोय, आणि हातावर खिळ्यांचे वण तसेच आहेत. वण पुसले गेले नाहीत याचा मला फार आधार वाटतो. आईची आठवण दुखते म्हणजे विश्वास कमी पडला असं नव्हे.

मिस्सा इथे कोंकणीत होतो, मी वसईची, प्रार्थना माझ्या तोंडी मराठीतच येते. त्याचं परकेपण कधी वाटलं नाही, कारण याच सासष्टीत राशोलला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, इंग्लंडहून आलेल्या जेज्विटाने, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूने, रचलेल्या मराठी ओव्या. चारशे वर्षांपूर्वी इथली माणसं आपल्या बोलीत ही कथा ऐकत होती, त्यांच्याही घरी कुणीतरी गेलेलं असणारच.

यंदा त्या शुक्रवारी जमलं तर सकाळच्या मिस्साला जा, अर्ध्या-पाऊण तासात संपतो, कामाला उशीर होत नाही. जमलं नाही तर घरी योहानाचा २१ वा अध्याय काढा, २५ वचनं आहेत, चहा होईपर्यंत वाचून होतात. आणि घरात कुणाशी अबोला असेल तर त्या सकाळी त्याच्यापुढेही बशी ठेवा.