निर्जंतुक टाकीतला फायटर

फायटर माशाचं शेपूट फाटलं की लोक फोटो पाठवतात आणि खाली ठरलेला प्रश्न असतो, "फिन रॉट आहे ना? कुठलं औषध टाकू?" फिन रॉट म्हणजे माशाचे पर, शेपूट सडायचा रोग. मी ठाण्यात माशांच्या टाक्या बसवून देते, त्यांची देखभाल करते, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. एका काकांनी तर ठणठणीत क्राउनटेल फायटरला मिथिलीन ब्लू या निळ्या औषधात ठेवलं होतं. क्राउनटेलच्या परांच्या काड्या पडद्याबाहेर आलेल्याच असतात, ती जातच तशी तयार केलेली आहे, हे विकणाऱ्याने त्यांना सांगितलं नव्हतं. काकांची बोटं निळी झाली, बादली निळी झाली. बरं व्हायला मुळात काही नव्हतंच.

पण सांगायची आहे ती एका डेंटल क्लिनिकची गोष्ट.

फोन खुद्द डॉक्टरांचा होता. "हा तिसरा फायटर. आधीचे दोन असेच गेले. शेपूट झिजत जातं, मग खाणं सुटतं, मग संपलं. आणि टाकी अस्वच्छ म्हणाल तर आमच्याइतकी स्वच्छ टाकी तुम्हाला कुठे दिसणार नाही." या शेवटच्या वाक्याने माझे कान टवकारले.

"साफसफाई कधी असते?"

"दर शनिवारी संध्याकाळी."

"मग मी शनिवारी दुपारी येते. तोवर पाण्याला कुणी हात लावू नका." नुकती धुतलेली टाकी बघून काहीच कळत नाही. आठवडाभराचं पाणीच खरं बोलतं.

रिसेप्शनच्या काउंटरवर बारा-एक लिटरची टाकी होती. पांढरेशुभ्र खडे, गुलाबी प्लास्टिकचं झाड, कोपऱ्यात छोटा फिल्टर, आणि वरून एसीचा झोत. काच इतकी लख्ख की आत पाणी आहे की नाही अशी शंका यावी. मासा निळा हाफमून होता. या जातीच्या नराने शेपूट पूर्ण उघडलं की त्याचं अर्धवर्तुळ, एकशेऐंशी अंशांचं, व्हायला हवं. याचं उघडत होतं तेवढं बघून वाईट वाटलं.

औषधाचं नाव काढण्याआधी मी फाटलेल्या कडा बघते, टॉर्च मागून धरून. माशाने स्वतःच शेपूट चावलं असेल तर घास घेतल्यासारखी अर्धगोल खाच दिसते, बऱ्याचदा एका रात्रीत पडलेली. कशात अडकून किंवा ताणून फाटलं असेल तर दोन काड्यांमध्ये सरळ चीर जाते आणि चिरेच्या कडा स्वच्छ असतात. सडत असेल तर कड वेडीवाकडी, काळपट किंवा लालसर होते आणि दिवसागणिक आत सरकते. त्यावर कापसासारखा पांढुरका थर दिसू लागला आणि तो भराभर पसरतोय, तर कॉलम्नॅरिसची शंका घ्यायची. तो जिवाणू दोन-तीन दिवसांत मासा संपवू शकतो आणि उबदार पाण्यात तर आणखी वेगाने वाढतो. इथे कापूस नव्हता, अर्धगोल खाचाही नव्हत्या. काळपट कड मात्र जवळजवळ सगळीकडे होती, आणि शिवाय दोन लांब सरळ चिरा. म्हणजे कारणं दोन होती.

पाण्याच्या चाचण्या केल्या. अमोनिया 2 पीपीएमच्या आसपास. तो शून्य असायला हवा. नायट्राइट शून्य. नायट्रेटही शून्य, आणि मी अडखळले ती इथे. चालू टाकीत माशाच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा आणि उरलेल्या खाण्यातून सुटणारा अमोनिया जिवाणूंची एक टोळी नायट्राइटमध्ये बदलते, दुसरी टोळी त्याचं नायट्रेट करते. आठवडाभर मासा खातोय, अमोनिया साठतोय आणि नायट्रेटचा मागमूस नाही, तर त्या टाकीत या कामाला कुणीच नाही. फिल्टर फिरत होता, पण रिकामाच.

"टाकी कोण साफ करतं?"

मावशी पुढे आल्या. क्लिनिकमधली सगळी स्वच्छता त्यांच्याकडे, आणि ते काम त्या किती मनापासून करतात हे फरशीकडे बघूनच कळत होतं. "मीच करते ताई. मासा ग्लासात काढून ठेवते. पाणी सगळं ओतून देते. झाड स्पिरिटने पुसते. स्पंज हायपोमध्ये बुडवून ठेवते, मग चार पाण्यानं धुते."

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, जंतू मारायला क्लिनिकमध्ये वापरतात ते.

"आणि खडे?"

"ते ऑटोक्लेव्हमध्ये."

ऑटोक्लेव्ह म्हणजे दातांची हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र. डॉक्टरांनी चष्मा काढला. "मावशी, माझ्या ऑटोक्लेव्हमध्ये?"

"पाऊचमध्ये घालून, सर. तसेच नाही टाकत." मावशींना प्रश्नाचा रागच आला होता. "इन्स्ट्रुमेंटं निघाली की मग."

मला हसू आवरेना, पण मावशींचं चुकत होतं असं कसं म्हणायचं? वर्षानुवर्षं त्यांना जे शिकवलं तेच त्या टाकीला लावत होत्या. एकशेएकवीस अंशांची वाफ आणि हायपो यांतून एकही जिवाणू वाचत नाही, कामाचाही नाही. दर शनिवारी टाकी पहिल्या दिवसावर यायची. वर नळाचं पाणी थेट, क्लोरीनसकट. अमोनियाने आणि क्लोरीनने परांची नाजूक कड होरपळते, आणि अशा कडेवर एरोमोनास, स्यूडोमोनाससारखे जिवाणू बसतात. ते पाण्यात असतातच. धडधाकट माशाला त्यांचं फारसं काही होत नाही.

डॉक्टरांना मात्र फार समजवावं लागलं नाही. स्पंजवर जिवाणूंचा चिकट थर जमतो आणि तोच फिल्टर असतो, एवढं म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे बायोफिल्म. दातांवरचा प्लाक तोच की. मी दिवसभर तोच खरवडत असतो!"

"इथे तो जपायचा."

"बायकोला सांगू नका, ती पण डेंटिस्ट आहे."

मग दुसरं कारण, त्या सरळ चिरा. ट्रेमधून कापसाचा बोळा मागितला आणि प्लास्टिकच्या झाडावरून फिरवला. दोन पानांना धागे अडकले. जिथे कापूस अडकतो तिथे पर फाटतो. घरी कापसाऐवजी नायलॉनचा जुना पायमोजा चालतो. झाड काढून टाकलं. पण चिरा जितक्या लांब होत्या त्या मानाने झाड पुरेसं वाटेना. तेवढ्यात शाळकरी मुलगा आईबरोबर आला, सराईतपणे काउंटरवर हात घालून दात तपासायचा छोटा आरसा उचलला आणि काचेला लावला. आरशातला 'दुसरा नर' दिसताच आमचा मासा कल्ले फुगवून, होतं नव्हतं तेवढं शेपूट ताणून तुटून पडला. रिसेप्शनिस्ट कौतुकाने म्हणाली, "मुलं रडत नाहीत यामुळे. दिवसभर चालू असतं."

नराने दिवसातून दोन-चार मिनिटं फुगणं वाईट नाही, त्याला व्यायाम होतो. दिवसभर फुगवत ठेवणं म्हणजे छळ, आणि आधीच कमजोर झालेल्या परांवर तो ताण चिरा पाडतो. थायलंडच्या उथळ, गवताळ पाण्यांत आणि भातखाचरांत राहणाऱ्या मूळच्या जंगली माशाचे पर आखूड असतात, हे लक्षात ठेवायला हवं. हा लांबलचक झगा माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून त्याच्या अंगावर चढवलाय. थायलंडने 2019 मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. आपल्याकडे तो अजून लोणच्याच्या बरणीत विकला जातो, कारण हवेतून श्वास घेता येतो म्हणून तो कुठेही जगेल असा समज. जगतो खरा, पण बरणीतही अमोनिया तोच.

डॉक्टरांनी उपचार सुचवलेच. "अमॉक्सिसिलिन आहे. मेट्रोनिडाझोल आहे. किती टाकू?" मी म्हटलं, दोन्ही कपाटात राहू द्या. परांच्या सडण्यामागचे नेहमीचे जिवाणू त्या औषधांच्या सहसा टप्प्यात येत नाहीत, आणि पाण्यात ओतलेलं अँटिबायोटिक आपण आता वसवणार आहोत त्या जिवाणूंनाच आधी भोवायचं. सड शेपटाच्या मुळाशी, अंगापर्यंत पोचली किंवा माशाने खाणं सोडलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा माशांचं कळणारा पशुवैद्य गाठायचा आणि औषध त्याच्या सल्ल्याने, वेगळ्या भांड्यात द्यायचं. मिथिलीन ब्लूचंही तेच, चालू टाकीत नाही.

आम्ही केलं ते अगदी साधं. एक तृतीयांश पाणी काढलं आणि अँटीक्लोरीन टाकलेलं, तेवढ्याच तापमानाचं पाणी हळूहळू भरलं. जुना स्पंज कचऱ्यात. माझ्या दुसऱ्या एका चालू टाकीतला कळकट तपकिरी स्पंज ओल्या पिशवीतून आणला होता, तो हवेच्या पंपावर, मंद बुडबुड्यांवर बसवला. नव्या स्पंजवर वसाहत व्हायला चार-सहा आठवडे जातात, असा वापरलेला स्पंज तो काळ बराच कमी करतो. मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या स्वयंपाकघरात चपला घालून आले होते. पंचवीस वॉटचा हीटर लावून तापमान 27 अंशांवर ठेवलं, कारण एसी दिवसा चालू, रात्री बंद, आणि त्या चढउताराने मासा खचतो. खडेमीठ लिटरला एक ग्रॅम, कपात विरघळवून, दोन दिवसांत विभागून. पाणी जेवढं बदलू तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घालायचं, आटलेल्या पाण्यात नाही, कारण मीठ आटत नाही. हे दहा दिवस, मग थांबायचं. खाणं सकाळ-संध्याकाळ तीन-चार दाणे, रविवारी उपास. आरसा ड्रॉवरमध्ये.

जंगली बदामाचं पिकून गळलेलं, वाळलेलं पान मी नेहमी घालते. थायलंडचे मासेवालेही घालतात, आणि ठाण्यात ही झाडं पावलोपावली आहेत. रहदारीपासून दूरचं पान घ्यायचं, धुऊन घ्यायचं. मी त्याला औषध समजत नाही, पण पानातल्या टॅनिनने पाणी रंगलं की मासा निवांत होतो. इथे डॉक्टर अडले. "चहासारखं पाणी? डेंटल क्लिनिकमध्ये? पेशंट काय म्हणतील?" शेवटी बोटभर तुकड्यावर तडजोड झाली.

पहिला आठवडा मावशींनी रोज पाव भाग पाणी बदललं, मी सांगितलं तसं आदल्या रात्री भरून अँटीक्लोरीन टाकलेल्या बादलीतून. अमोनिया तपासायच्या टेस्ट किटची सालिसिलेटची बाटली त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. कुपीत हिरवं म्हणजे वाईट, पिवळं म्हणजे बरं. हिरवा रंग फिकट होत गेला तसे मला फोटो येऊ लागले. मग एक दिवस घाबरा फोन, "ताई, बुरशी धरली! कडेला पांढरं पांढरं आलंय." फोटो बघितला. काळपट कड थांबली होती आणि तिच्यापुढे पारदर्शक, ओल्या कागदासारखी झालर फुटली होती. नवा पर असाच येतो, बिनरंगाचा. रंग नंतर भरतो. तोवर तो इतका पातळ असतो की जरा कशात अडकला तर पुन्हा चीर, म्हणून टाकीत कुठलीच नवी शोभा ठेवायची नाही, असं बजावलं.

पुढचे काही महिने टाकीत पाव भाग पाणी आठवड्याला, आणि स्पंज काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोनदा पिळून परत, एवढीच साफसफाई. चाचणीत नायट्रेट दिसू लागलं तेव्हा डॉक्टरांनी रिसेप्शनवर पेढे ठेवले होते. दातांच्या दवाखान्यात! शेपूट जवळजवळ पूर्ण भरलं. दोन काड्या मात्र वाकड्या वाढल्या आणि त्या तशाच राहतील. टाकी बदलून वीस लिटरची घ्या, असा माझा आग्रह अजून चालू आहे. काउंटरचा सनमायका नवा असल्याने तो अजून मान्य झालेला नाही.

मावशींच्या नातीला आता घरी फायटर हवाय. त्यांनी काचेची टाकी आधी घेऊन ठेवली आहे, वीस लिटरची, आणि मासा आणायच्या आधी क्लिनिकमधला स्पंज अर्धा कापून न्यायची परवानगी डॉक्टरांकडे मागितली आहे. धुतलेला नको, असंही सांगितलंय.