नील यंगची सोळा गाणी आणि अमळनेरची कोजागिरी

कोजागिरीच्या रात्री आमच्या अमळनेरच्या घराच्या गच्चीवर दूध आटत असताना आम्ही पाच-सहा जणांनी कॅनडात जन्मलेला गायक-गीतकार नील यंग याचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा संग्रह सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता ऐकला. त्यानंतर जी चर्चा झाली ती रात्री एक वाजेपर्यंत चालली, आणि अजूनही ती माझ्या मनातून गेलेली नाही.

हा संग्रह २००४ साली निघाला. त्यात १९६९ ते १९९२ या काळातली सोळा गाणी कालक्रमाने लावली आहेत. निवडीचा निकष संग्रहातच छापलेला आहे: मूळ तबकड्यांची विक्री, रेडिओवरचे प्रसारण आणि डाउनलोडची उपलब्ध नोंद. म्हणजे ही निवड श्रोत्यांच्या मोजणीवर उभी आहे.

इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाचीला हे पूर्णपणे मान्य होते. तिचे म्हणणे असे, की ज्याने या गायकाचे नावही ऐकलेले नाही त्याच्या हातात चाळीस अल्बमांची यादी देण्यात काही अर्थ नाही. त्याला ही सोळा गाणी द्यावीत, पुढची वाट तो स्वतः शोधेल. तिला स्वतःला सुरुवातीची नऊ-दहा मिनिटांची दोन्ही गाणी सर्वांत जास्त आवडली, याचे मला मनापासून समाधान वाटले, कारण एवढी लांब गाणी तरुण मुले अर्ध्यावर सोडतात अशी तक्रार आपण सर्रास करतो.

माझा शेतकरी मित्र मात्र ‘ओल्ड मॅन’पाशी थांबला. यंगने उत्तर कॅलिफोर्नियात रँच, म्हणजे गुरांचा मोठा मळा, विकत घेतली तेव्हा तो पंचविशीच्या आत-बाहेर होता, आणि तिथे आधीपासून राखणदारी करणाऱ्या म्हाताऱ्याला, एवढ्या लहान वयात या पोराकडे इतका पैसा आला कुठून, याचे नवल वाटले होते. त्या म्हाताऱ्याला उद्देशून, आपण दोघे तसे सारखेच आहोत, असे सांगणारे हे गाणे आहे. मी हे सांगितल्यावर मित्र बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या वडिलांच्या काळापासून असलेला सालदार मागच्या वर्षी वारला. मालक झाल्यावर पहिल्याच पेरणीला त्या सालदाराने आपल्याकडे कसे पाहिले होते, ते त्याने नंतर आम्हाला सांगितले. ते गाणे त्याने आणखी दोनदा लावायला सांगितले.

इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक असलेले आमचे सर या संग्रहावर नाराज होते, आणि त्यांचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. ‘हार्ट ऑफ गोल्ड’ १९७२ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रित झालेले, हार्मोनिका आणि पेडल स्टील गिटारच्या सुरांत भिजलेले हे गाणे कंट्री रॉकची, म्हणजे अमेरिकी ग्रामीण संगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाची, ओळखच होऊन बसले. यंगने स्वतः निवडलेल्या ‘डेकेड’ या १९७७ च्या पस्तीस गाण्यांच्या संग्रहात या गाण्याविषयी लिहून ठेवले आहे, की याने मला रस्त्याच्या मधोमध आणले, तिथे लवकरच कंटाळा आला, म्हणून मी कडेच्या खड्ड्याकडे वळलो. १९७३, १९७४ आणि १९७५ या तीन वर्षांतले त्याचे तीन अल्बम म्हणजे तोच खड्डा. त्यांतले एकही गाणे या सोळांत नाही.

सरांनी बोट ठेवले ते नवव्या गाण्यावर. ‘द नीडल अँड द डॅमेज डन’ हे गाणे साथीदार गिटारवादक डॅनी व्हिटनच्या व्यसनाच्या काळजीतून आलेले आहे आणि या संग्रहातले त्याचे ध्वनिमुद्रण १९७१ च्या जानेवारीतल्या एका मैफलीतले आहे. व्हिटन त्यानंतर पावणेदोन वर्षांनी, नोव्हेंबर १९७२ मध्ये गेला. त्या मृत्यूनंतरचे जे रडणे आहे, बेसूर होण्याची पर्वा न करता गायलेले, ते १९७५ च्या ‘टुनाइट्स द नाइट’मध्ये आहे. काळजी निवडली आणि सुतक वगळले, असे सर म्हणाले. अकराव्या (‘हार्ट ऑफ गोल्ड’) आणि बाराव्या गाण्याच्या मध्ये जी दोन-तीन सेकंदांची शांतता आहे तिच्यात पाच वर्षे गडप झाली आहेत. मला स्वतःला हा संग्रह प्रामाणिक वाटतो, कारण आपण कशाने निवडले ते त्याने लपवलेले नाही. पण तो गायकाचे नव्हे, तर त्याच्या श्रोत्यांचे चित्र आहे, हे सरांमुळे मला पहिल्यांदा नीट कळले.

शेवटचे गाणे ‘हार्वेस्ट मून’ लागले तेव्हा चंद्र माथ्यावर आला होता. शरद संपाताच्या, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाच्या, जवळच्या पौर्णिमेला तिकडे हे नाव आहे. काही वर्षी ती आपली कोजागिरीच असते, तर काही वर्षी कोजागिरी तिच्या पुढच्या पौर्णिमेला येते. या गाण्यात ताल धरायला ड्रमबरोबर चक्क झाडू वापरला आहे आणि त्याची खरखर सबंध गाणेभर ऐकू येते. मी हे अजून कोणाला सांगितलेले नव्हते. दुधात वेलदोडे घालता घालता आईने हात थांबवला आणि विचारले, “इतक्या रातले आंगन कोन झाडी ऱ्हायनं रे?”

दिवेलागणीनंतर केर काढलेला तिला चालत नाही. मी तिला सांगितले, की तो झाडू गाण्यातला आहे. तिने कान देऊन पुन्हा ऐकले आणि मग सर्वांचे पेले भरले. सर निघताना त्यांच्याकडची ‘टुनाइट्स द नाइट’ची तबकडी माझ्या स्वाधीन करून गेले, ती आम्ही येत्या रविवारी लावणार आहोत, अकराव्या गाण्यानंतर.