स्टेटमेंटमध्ये काय लिहायचं?

प्रदर्शनाच्या स्टेटमेंटमध्ये, म्हणजे चित्रकारानं आपल्या कामाविषयी लिहून द्यायच्या छोट्या मजकुरात, काय असावं असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गॅलरीची तारीख मिळाली की आमच्या सोलापुरातली चित्रकार पोरंपोरी फोन करतात. पहिला प्रश्न, "मॅडम, फ्रेम कुठे करू?" त्याचं उत्तर सोपं आहे. दुसरा, "त्यांनी स्टेटमेंट मागितलंय, त्यात काय लिहायचं?" आणि जरा धीट असेल तर लगेच, "तुम्हीच लिहून द्या ना."

माझं उत्तर एका वाक्याचं आहे, पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. चित्रात जे दिसतंय ते लिहू नका, आणि चित्रात जे नाहीच ते आहे असं भासवू नका. एवढं वगळल्यावर फार थोडं उरतं: चित्र कशावर केलंय, ती वस्तू कुठून आली, स्वतःला कोणता नियम घालून घेतला होता, काय काढून टाकलं. बघणाऱ्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळायचाच नाही, असा मजकूर. तो लिहा आणि थांबा.

"पण चित्रानं स्वतः बोलावं, लिहायचं कशाला?" असं म्हणणारे भेटतात, आणि ते हमखास गायतोंडे यांचं नाव घेतात. अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे फार बोलत नसत, चित्रांना बहुधा नावंही देत नसत, हे खरं. पण २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा भिंतीवर मजकूर होता, जाडजूड कॅटलॉगही होता. तो इतरांनी लिहिला. म्हणजे लिहिणं टळत नाही, लिहिणारा बदलतो. गायतोंडे यांच्यासाठी अभ्यासक बसले होते. तुमच्या-माझ्यासाठी कोण बसणार? उद्घाटनाला आलेला वार्ताहर "कुंचल्यातून साकारले भावविश्व" असा मथळा देऊन मोकळा होईल.

दुसऱ्या टोकाला चित्रकार प्रभाकर बरवे. त्यांनी मराठीत डायऱ्याच्या डायऱ्या लिहून ठेवल्या, आकार कुठून येतो, वस्तू आणि तिचं चित्र यांत काय फरक पडतो याविषयी. हा माणूस विणकर सेवा केंद्रात नोकरीला होता, काही वर्षं बनारसलाही. सोलापूरकरांनी हे लक्षात ठेवावं असं मला उगाच वाटतं, कारण आपल्याकडे मागाजवळचा माणूस आणि चित्रकार ही दोन वेगळी माणसं धरतात.

आता आपल्या गावाचा खास रोग. सोलापूरचा चित्रकार लिहायला बसला की आधी कापड गिरणीची चिमणी येते, मग भोंगा, मग गिरणी कामगारांची वेदना. ज्यांनी मिलचा भोंगा कधी ऐकलेला नाही अशी मुलंसुद्धा हेच लिहितात, कारण मुंबईच्या माणसाला सोलापूर म्हटलं की एवढंच आठवतं, हे त्यांना ठाऊक असतं. (चिमणी नसली तर वारी. आणि "एम. एफ. हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले, त्याच जिल्ह्यातला मी" हे वाक्य तर कृपा करून कुणीच लिहू नका. हुसेन पंढरपुरात जन्मले याच्याशी तुमच्या जलरंगांचा काय संबंध?)

एका मुलानं कोसळत्या चिमणीची चित्रं केली होती. मोठे कॅनव्हास, खाली धुळीचा लोट, वर फिकट आभाळ. चांगलं काम. स्टेटमेंटमध्ये लिहिलेलं, "कापड गिरण्यांच्या अस्ताचं प्रतीक." मी म्हटलं, "अरे, ही तर साखर कारखान्याची चिमणी." म्हणाला, "होय मॅडम." सिद्धेश्वर कारखान्याची सहवीजनिर्मितीची ती चिमणी विमानतळाच्या आड येते म्हणून जून २०२३ मध्ये पाडली. ती फार जुनीही नव्हती. गावात केवढा वाद झाला होता: ऊस उत्पादक एका बाजूला, विमान पाहिजे म्हणणारे दुसऱ्या बाजूला.

त्याला बोलतं केलं तर निघालं, की काकांचा ऊस त्याच कारखान्याला जायचा आणि पुण्यात नोकरीला असलेला थोरला भाऊ विमानसेवेच्या बाजूचा. घरात दोघं एका पंगतीला बसायचे नाहीत. चिमणी पडताना यानं गच्चीवरून पाहिली, खाली येऊन कुणाला काय सांगायचं ते त्याला कळेना. म्हणून चित्रं काढली. हे सगळं सोडून त्यानं गिरणी कामगार उसने आणले होते! "हेच लिही की," मी म्हटलं. तो म्हणाला, "फार घरगुती होतंय." शेवटी त्यानं गिरण्या काढल्या, साल आणि जागा घातली, गच्ची ठेवली. काका आणि भाऊ आलेच नाहीत. मला ते हवे होते, पण स्टेटमेंट त्याचं आहे.

याच्या उलट एक मुलगी. सोलापूरच्या पूर्व भागातली, म्हणजे विणकरांच्या वस्तीतली, घरी तेलुगू. तिनं पाठवलेल्या मसुद्याचं पहिलं वाक्य असं होतं: "माझी कला मानवी अस्तित्व, स्मृती आणि काळ यांच्यातील गुंतागुंतीच्या नात्याचा शोध घेते." हे वाक्य चिमणीवाल्यालाही चाललं असतं, मलाही, रांगोळीवाल्यालाही. मी तिला म्हटलं, लिहू नकोस, नुसतं सांग. सुरुवातीला तीच भाषा आली. मग मी विचारलं, हा कागद कुठला? त्यावर ती जी बोलायला लागली ती थांबेचना.

जॅकार्डच्या मागावर नक्षी उठते ती पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्यांमुळे. एका आडव्या धाग्याला एक पट्टी. जिथे भोक, तिथला उभा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नाही, तिथला खालीच राहतो. या पट्ट्या पाडण्याआधी सगळी नक्षी चौकटीच्या कागदावर घर न् घर भरून काढावी लागते. तिचे वडील ते काम करायचे. पुढे हे काम कॉम्प्युटरवर गेलं आणि कागदाचे गठ्ठे माळ्यावर राहिले. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण तिच्या चित्रांकडे बघून ते ओळखू आलं नव्हतं. मला वाटलं, तिनं नवा ग्राफपेपर आणलाय.

नंतर तिनं जे लिहिलं ते तिच्या परवानगीनं देते:

"ही चित्रं चादरीच्या डिझाइनच्या कागदावर आहेत. माझे वडील कारखान्यांसाठी असे कागद भरून देत. घर भरलं म्हणजे धागा वर, कोरं ठेवलं म्हणजे खाली. उरलेल्या कागदांवर मी आमच्या घरातल्या आणि गल्लीतल्या बायका काढल्या: विड्या वळताना, पदर घेऊन झोपलेल्या, शिलाई मशीनवर. वडिलांचाच नियम पाळला. घर पूर्ण भरायचं किंवा सोडायचं, अर्धं भरायचं नाही. काही कागदांच्या कडेला वडिलांचे आकडे आहेत, ते मी पुसलेले नाहीत. चेहरे लांबून दिसतात, जवळ गेलं की जातात."

शेवटचं वाक्य काढ, असं मी सांगितलं होतं, कारण ते चित्रातच दिसतं आणि माझ्याच नियमात बसत नाही. तिनं ऐकलं नाही. प्रदर्शनात पाहिलं, तर लोक ते वाक्य वाचून चार पावलं मागे सरकत होते. ठीक आहे, राहू दे.

अस्तित्व-स्मृती-काळ ही भाषा पोरं शिकतात कुठून? आपल्याकडे ती समीक्षेच्या लेखांतून आली, पण दुखणं जगभरचं आहे. अ‍ॅलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन या दोघांनी ई-फ्लक्स या ईमेलनं कलाप्रदर्शनांच्या बातम्या पाठवणाऱ्या संस्थेकडून निघालेली प्रदर्शनांची वर्षानुवर्षांची प्रसिद्धीपत्रकं संगणकावर गोळा करून तपासली आणि २०१२ मध्ये त्यावर लेख लिहिला. कलाजगतातलं इंग्रजी ही वेगळीच एक बोली झाली आहे, असं त्यांचं म्हणणं. साध्या विशेषणाचं जडशीळ नाम करायचं, एका गोष्टीच्या जागी तीन सांगायच्या. याचं मूळ त्यांनी शोधलं ते १९७०च्या दशकात अमेरिकी नियतकालिकांत आलेल्या फ्रेंच तत्त्वज्ञांच्या भाषांतरांत. म्हणजे फ्रेंचांचं इंग्रजीत, तिथून मुंबईत, तिथून सोलापूरच्या साखर पेठेत. आता चॅटजीपीटीला विचारलं की तेच सुबक करून मिळतं. निवड समितीवर बसणारी माणसं असलं गठ्ठ्यानं वाचतात, त्यांना पहिल्या ओळीत कळतं.

बाकी किरकोळ. स्टेटमेंट आणि परिचय वेगळे ठेवा. जीडी आर्ट ही कलेची पदविका कधी झाली, बक्षिसं कोणती, हे परिचयात. बऱ्याच जणांचं स्टेटमेंट लग्नपत्रिकेसारखं असतं, वर आशीर्वाद देणारे, खाली निमंत्रक आणि मधे कुठेतरी नवरा-नवरी. गुरूंचे आभार भाषणात माना. भिंतीवर लावायचा मजकूर दीडशे शब्दांच्या वर नको, उभ्यानं कुणी त्याहून जास्त वाचत नाही. अक्षर मोठं घ्या, आपल्याकडे प्रदर्शनाला निवृत्त शिक्षक फार येतात. गॅलरीच्या अर्जासोबतचं स्टेटमेंट मात्र जरा वेगळं असतं, कारण तिथे काम अजून पुरं झालेलं नसतं. काय करणार आहे आणि त्यातलं किती झालंय, एवढं प्रामाणिकपणे सांगा. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या ठिकाणी अर्ज आणि प्रदर्शन यांच्यामध्ये इतका काळ जातो, की तोवर तुमचं काम बदललेलं असतं. जुनंच स्टेटमेंट भिंतीवर चिकटवू नका.

आधी घरच्या भाषेत लिहा. मराठी असो, तेलुगू, कन्नड की दखनी. इंग्रजी नंतर करून घ्या, आणि करून देणाऱ्याला बजावा की वाक्यं जोडायची नाहीत. तुमची चार छोटी वाक्यं असतील तर इंग्रजीतही चारच.

राहिला प्रश्न "तुम्हीच लिहून द्या ना"चा. लिहून देत नाही. ऐकून घेते, रविवारी दुपारी. येताना मूळ चित्रं आणा, मोबाइलवरचे फोटो नकोत. सगळी आणायला जमत नसेल तर दोन आणा, पण त्यांतलं एक तुम्ही प्रदर्शनातून बाद केलेलं असू द्या. मी आधी त्याच्याविषयी विचारणार आहे.