नवा सर्व्हर, जुनं फॉक्सप्रो आणि रोज बिघडणारे इंडेक्स

आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं सगळं काम अजून व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतं. ठेवी, कर्ज, पिग्मी, सगळंच. नवी आवृत्ती निघणार नाही हे २००७ मध्येच जाहीर झालं आणि २०१५ मध्ये सपोर्टही संपला. पण प्रोग्रॅम चोख आहे, व्याज पैशापैशाला जुळतं. त्यामुळे संस्थेने तो ठेवला, यात मला काही वावगं वाटत नाही.

जुनं मशीन थकलं म्हणून विंडोज सर्व्हर २०२२ चं नवं बसवलं. डेटा कॉपी केला, ड्राइव्ह मॅप केले, काम सुरू झालं. खोट दिसली ती गर्दीच्या वेळी. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "सर, पावती सेव्ह झाली, पण पासिंगला (पावती मंजूर होते तिथे) दिसतच नाहीये." थोड्या वेळाने पासिंगच्या मशीनवर एरर आली की इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) टेबलशी जुळत नाही. रीइंडेक्स केलं, म्हणजे ती सूची पुन्हा तयार केली, की तेवढ्यापुरतं भागायचं, मग पुन्हा तेच.

हार्डडिस्क तपासली, केबल आणि स्विच बदलून पाहिले, अँटिव्हायरसमधून डेटाचं फोल्डर वगळलं. काही फरक नाही. मग दोन मशीन शेजारी ठेवली. एकावर पावती भरून प्रोग्रॅम बंद केला आणि लगेच दुसऱ्यावर त्याच डीबीएफ फाइलची (फॉक्सप्रोचं टेबल याच फाइलमध्ये असतं) साइज पाहिली. जुनीच! काही सेकंदांनी बदलली. दुखणं तिथेच होतं.

फॉक्सप्रोमध्ये सर्व्हर म्हणजे नुसतं कपाट. टेबल वाचणं, लॉक करणं, इंडेक्स लिहिणं हे सगळं प्रत्येक काउंटरचं मशीन स्वतः करतं. एसएमबी म्हणजे विंडोजचा नेटवर्कवरून फाइल शेअर करायचा प्रोटोकॉल. त्याच्या एसएमबी २ आवृत्तीपासून विंडोज क्लायंट, म्हणजे काउंटरचं मशीन, फाइलची माहिती स्वतःजवळ धरून ठेवतो (यालाच कॅश म्हणतात), मुळात १० सेकंद. शिळ्या माहितीवर दुसरं मशीन लिहायला गेलं की इंडेक्सचा बळी जातो.

मग जुनं एसएमबी १ च सुरू करा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी ठाम नकार दिला. २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस) त्याच प्रोटोकॉलमधल्या भगदाडातून पसरलं होतं, आणि इथे लोकांच्या ठेवींचा डेटा आहे.

त्याऐवजी प्रत्येक काउंटरच्या मशीनवर रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज जिथे असतात) लॅनमन-वर्कस्टेशनच्या पॅरामीटर्समध्ये फाइल-इन्फो, डिरेक्टरी आणि फाइल-नॉट-फाउंड या तिन्ही कॅशचा लाइफटाइम शून्य केला. सर्व्हरवर पॉवरशेलमधून (विंडोजची कमांड खिडकी) त्या शेअरचा लीझिंग मोड 'नन' केला, म्हणजे क्लायंटला कॅश धरायची परवानगीच काढली. मशीनं रीस्टार्ट केली. मग संध्याकाळी सगळे बाहेर पडल्यावर टेबलं एक्सक्लुझिव्ह (दुसऱ्या कुणाला न उघडता येतील अशी) उघडून सगळे टॅग, म्हणजे इंडेक्स फाइलमधले वेगवेगळे इंडेक्स, डिलीट केले आणि इंडेक्स नव्याने बांधले. नुसत्या रीइंडेक्सवर भिस्त ठेवू नका. बिघडलेल्या सीडीएक्सच्या (इंडेक्सची फाइल) हेडरवरूनच ते काम करतं. आमची टेबलं फ्री, म्हणजे कुठल्या डेटाबेसला न जोडलेली, होती म्हणून हे सोपं गेलं. डीबीसीतली (फॉक्सप्रोच्या डेटाबेस फाइलला जोडलेली) असतील तर प्रायमरी की आणि टेबलांमधली रिलेशन आधी लिहून ठेवा, टॅगबरोबर तीही जातात.

यामुळे रिपोर्ट किंचित सावकाश येतात, पण इंडेक्स पुन्हा बिघडलेला नाही. तेवढा वेळही परवडत नसेल, तर प्रोग्रॅम सर्व्हरवरच ठेवून रिमोट डेस्कटॉपने चालवावा. फाइल नेटवर्कवरून जातच नाही. फक्त लायसन्सचा खर्च धरावा लागतो.

एक्सेलमध्ये डेटा ओढणारं कनेक्शनही बंद पडलं होतं. फॉक्सप्रोचा ओडीबीसी ड्रायव्हर (दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटा वाचू देणारा दुवा) ३२ बिटचाच आहे, त्यामुळे ६४ बिटच्या एक्सेलला तो दिसत नाही. हिशेबनिसांच्या मशीनवर ३२ बिटचं ऑफिस टाकलं आणि डीएसएन (त्या कनेक्शनची नोंद) सिसवाऊ-६४ फोल्डरमधल्या ३२ बिटच्या ओडीबीसी अ‍ॅडमिनमधून बनवला.