सात माणसं, एकच रात्र

धाकटीला दिवसा काही नसायचं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की खाज सुरू. बोटांच्या बेचक्यात बारीक पुळ्या आणि मनगटावर केसाएवढी नागमोडी रेघ. किडा कातडीखाली पोखरत गेल्याची ती खूण. खरूजच होती.

आमची तासगावला द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी नुकतीच झालेली, त्यामुळे कोठीत फवारणीच्या बाटल्यांची रांग. दीर म्हणाले, "वहिनी, खरजेच्या मलमातल्या परमेथ्रिनचंच भावंड आहे की हे, वांग्यासाठी आणलेलं सायपरमेथ्रिन. दोन थेंब खोबरेलात टाका." गट एकच, हे खरं. पण मलम ५ टक्क्यांचं, माणसाच्या कातडीसाठी बनवलेलं. बाटलीवर २५ ईसी, म्हणजे पाण्यात मिसळून फवारायचं २५ टक्क्यांचं तीव्र औषध, आणि त्यातलं द्रावकसुद्धा कातडी भाजणारं. खाजवून सोललेल्या लेकराला ते लावायचं? मी बाटली परत कोठीत ठेवून कुलूप घातलं. उवांसाठीही कुणी असलं करत असाल तर हात जोडते, नका करू.

मलम आणलं, पण पहिल्यांदा फक्त तिलाच लावलं. तिथं मी चुकले. पंधरा दिवसांत खाज परत. डॉक्टरांनी समजावलं, पहिल्यांदाच लागण झालेल्याला चार-सहा आठवडे खाज सुटतही नाही, तोवर तो दुसऱ्यांना देत राहतो.

मग घरातल्या सातही जणांनी एकाच रात्री लावलं. मानेपासून तळपायापर्यंत, नखं कापून नखांच्या खालीसुद्धा. सासूबाईंची जोडवी बोटातून निघेनात, तेव्हा वर सरकवून त्याखाली बोटानं चोळलं. आठ ते चौदा तास मलम अंगावर राहायला हवं. आणि हात धुतले की हातावरचं गेलं! घरात सगळ्यात जास्त हात कुणाचे धुतले जातात? आम्हा बायकांचे. म्हणून भांडी घासून, ओटा आवरून मगच आम्ही दोघींनी लावलं. पहाटे धारेला जाताना सासूबाईंनी हात धुतले, तर परतल्यावर मी पुन्हा लावायला लावलं.

सकाळी चादरी, कपडे कढत पाण्यात. गोधड्या आठवडाभर पोत्यात बांधून ठेवल्या. आठव्या दिवशी दुसरा हात.

खाज मात्र आणखी तीन आठवडे होती. सासूबाई रोज म्हणायच्या, "अजून एकदा लाव की गं." मेलेले किडे कातडीत असेपर्यंत खाजतं, म्हणून डॉक्टरांनी नुसती खाजेची गोळी दिली होती. उरलेलं मलम मी लपवून ठेवलं.

परवा धाकटी सकाळपर्यंत एका कुशीवर झोपली होती.