बॉक्सवरची किंमत आणि खरा खर्च

एखादा हँडहेल्ड कन्सोल, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमचं मशीन, लाँचला आपटला की ‘महाग होता’ एवढं म्हणून विषय संपतो. पण निन्टेंडो थ्रीडीएस मार्च २०११मध्ये अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आला आणि सोनीचा प्लेस्टेशन व्हिटा फेब्रुवारी २०१२मध्ये तिथेच २४९ डॉलरला. किंमत जवळपास एकच, अडखळले दोघेही. सावरला मात्र एकच.

थ्रीडीएसचं दुखणं खेळांचं होतं. मशीन बाजारात आलं तेव्हा नवा मारिओ नव्हता आणि ईशॉप हे निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान उघडायला जून उजाडला. अडीचशे डॉलर मोजणाऱ्याने खेळायचं तरी काय? ऑगस्टमध्ये किंमत १६९.९९ डॉलरवर आली, जपानमध्ये २५,००० येनवरून १५,००० वर. म्हणजे जपानमध्ये सहा महिन्यांच्या आत ४० टक्के कपात! आधी पूर्ण किंमत मोजलेल्यांना २० जुने खेळ मोफत दिले, अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. मशीन तोट्यात विकावं लागलं. पण माझ्या मते नुसत्या कपातीने गाडी रुळावर आली नसती. नोव्हेंबरात सुपर मारिओ थ्रीडी लँड आणि डिसेंबरात मारिओ कार्ट ७ आले, तेव्हा कमी किंमत आणि हवे ते खेळ ऐन नाताळच्या खरेदीत एकत्र मिळाले. वेळ साधली ती इथे.

व्हिटाच्या मशीनला मी महाग म्हणणार नाही. पाच इंची ओलेड स्क्रीन, अंगठ्याने फिरवायच्या दोन ॲनलॉग स्टिक, त्या काळच्या मानाने तगडा प्रोसेसर. मेख होती मेमरी कार्डात. पहिल्या मॉडेलमध्ये वापरण्याजोगं अंतर्गत स्टोरेज नव्हतं. काही खेळांत कुठवर आलो ते सेव्ह करायलाही कार्ड लागे. बरं, साधं एसडी चालत नसे, सोनीचं नखाएवढं खास कार्डच हवं. ८ जीबीचं कार्ड २९.९९ डॉलरला, ३२ जीबीचं ९९.९९ ला. पायरसी रोखायला हे केलं असं मानलं, तरी भुर्दंड प्रामाणिक गिऱ्हाइकालाच पडला.

आता बेरीज करा. व्हिटा २४९, ८ जीबी कार्ड ३० आणि ‘अनचार्टेड’सारखा ५० डॉलरचा खेळ धरला तर ३२९ होतात. कपातीनंतरचा थ्रीडीएस १७० आणि खेळ ४०, म्हणजे २१०. २ जीबीचं साधं एसडी कार्ड तर बॉक्समध्येच. दुकानात दोघांपुढे उभ्या असलेल्या आईबापांना हा ११९ डॉलरचा फरक लगेच कळतो. अमेरिकेत व्हिटा १९९ वर आला आणि कार्डंही स्वस्त झाली, पण ऑगस्ट २०१३मध्ये. दीड वर्ष निघून गेलं होतं.

किंमत चुकली नाही तरी रचना घात करते. ऑक्टोबर २००३मधला २९९ डॉलरचा नोकिया एन-गेज घ्या, फोन आणि गेम कन्सोल एकातच. खेळाचं कार्ड बॅटरीच्या खाली. खेळ बदलायचा तर मागचं झाकण काढा, बॅटरी उचला, कार्ड बदला, पुन्हा सगळं बसवून फोन चालू करा.

त्यामुळे नवा कन्सोल घेताना आधी स्टोरेजचा रकाना वाचा. जून २०२५मध्ये ४४९.९९ डॉलरला आलेल्या निन्टेंडोच्या स्विच २ कन्सोलमध्ये २५६ जीबी आहेत, पण ते भरल्यावर मायक्रोएसडी एक्सप्रेस हे जास्त वेगवान कार्डच घ्यावं लागतं. जुन्या स्विचचं साधं कार्ड घातलं तर त्यातले स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ उचलता येतात, खेळ त्यावर साठवता येत नाहीत.